कबरीखालचे ठोके

माझ्या बायकोला, मुलीला आणि घरच्या जावयाला मी एका कबरीजवळ सोडलं आणि बाहेरून कडी लावून घेतली, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या वेळची परिस्थिती कोणी समजून घेत नाही. घरी तर नाहीच नाही.

त्याचं असं झालं. थंडीचे दिवस होते आणि भंडाऱ्याहून माझी मोठी बहीण, ताई, आणि तिचे मालक, म्हणजे आमचे भाऊजी, बालाघाटला आमच्याकडे मुक्कामाला आले. जावई घरी आला की त्याला काहीतरी दाखवावंच लागतं. बालाघाटला आलेल्या पाहुण्याला आम्ही वाघ दाखवायला नेतो आणि वाघ न दिसता परत आणतो. भाऊजींचं हे दोनदा करून झालं होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनीच जाहीर केलं, "या टायमाले जनावर नाई पाहाचं. इतिहास पाहाचा!"

इतिहास म्हणजे आमच्याकडे गुंबज. खैरलांजीच्या बाजूला जाताना धानाच्या बांध्या संपल्या की पळसाच्या झाडोऱ्यातून एक काळा घुमट वर आलेला दिसतो. कोण्या काळच्या कोण्या सरदाराचा मकबरा. आजूबाजूला पडकी मशीद, कमानींची मोडकी सराई, एक पायऱ्यांची बावडी आणि सीताफळीचं रान. मी जन्मापासून त्या रस्त्यानं जातो, पण आत कधी गेलो नव्हतो. (वेळ मिळाला नाही, असं मी लोकांना सांगत असे.)

बाबाही निघाले. आमचे बाबा पंच्याहत्तरीचे. सारी नोकरी भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत, जमिनीखाली. सुरुंगांच्या आवाजानं कान अर्धे गेलेले, हातात लोखंडी टोकाची काठी, आणि एक सवय कायमची लागलेली. कुठेही गेले की आधी छत बघतात, मग माणसं बघतात.

ताईचा गुडघा दुखत होता, म्हणून ती घरीच थांबली. पण निघताना तिनं मला दारात अडवलं.

"प्रकाश, तुले एकच काम सांगतो. बाबाचा हात सोडू नको. परवा बाजारात चक्कर आली होती त्यांले."

"हौ."

"नुसतं हौ नको म्हणू. कायी झालं तरी सोडू नको!"

"हौ ना बाई! मी काय लहान आहो का?" मी म्हणालो. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो.

आता आमच्या भागात नुसतं काही बघायला कोणी जात नाही. सोबत वांगी नेतात. वनितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, रोडग्यांची कणीक मळून घेतली होती, गाडीच्या डिकीत गोवऱ्या भरल्या होत्या. गुंबजाजवळ गोवऱ्या पेटवायच्या, रोडगे भाजायचे, वांग्याची झणझणीत भाजी करायची, आणि मध्येच वेळ मिळाला तर इतिहास. पण गाडी थांबते न थांबते तोच चौकीदार पुढे आला.

"साहब, आग नहीं जलाना. ऊपर देखो."

वर पाहिलं. दरवाजाच्या कमानीला सुपाएवढं काळं मोहोळ लटकत होतं!

"मधुमक्खी है. धुआँ नहीं, आवाज़ भी नहीं. धीरे बोलना. पिछली बार एक पार्टी चिल्लाई थी."

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या? भागे." एवढं सांगून तो आपला डबा घेऊन झाडाखाली जेवायला गेला.

म्हणजे रोडगे गेले, वांगी गेली आणि आवाजही गेला. आम्ही पाच जण चवड्यांवर चालत आत शिरलो. मी बाबांचा हात घट्ट धरला होता. (ताईनं सांगितलं म्हणून. मला स्वतःला धरायला कोणीतरी हवं होतं, हे कारण नंतरचं.)

आत अंधार. वटवाघळांचा उग्र वास. बाहेर हिवाळ्याचं छान ऊन, आणि आत फरशी बर्फासारखी गार. मधोमध दगडी कबर, वर घुमट इतका उंच की बघता बघता मान मागे पडावी. भाऊजी मोबाईलमधून वाचून माझ्या कानात कुजबुजू लागले.

"पाह्य प्रकाश, ही वरची कबर असली नाई."

"मंग?"

"ही नुसती दाखवाची. असली माणूस याच्या बरोब्बर खाली राह्यते. तळघरात."

"राह्यते म्हणजे?"

"म्हणजे... आहे."

मी एक पाय उचलला. एकच, कारण दुसरा कुठे ठेवायचा ते सुचेना. आणि भाऊजींची कुजबुज वर गेली, घुमटाला लागली आणि समोरच्या भिंतीतून परत आली. "आहे... आहे... आहे..." 

तेवढ्यात माझी मुलगी सलोनी म्हणाली, "पापा, मेरी एक रील बना दो ना. बस दस सेकंड!"

रील काढायला दोन हात लागतात. मी बाबांचा हात सोडला. दहाच सेकंद, असं मनाशी म्हणालो. पण पहिल्यांदा तिचे केस नीट नव्हते, दुसऱ्यांदा मध्ये भाऊजी आले, तिसऱ्यांदा कॅमेऱ्यावर माझं बोट आलं, चौथ्यांदा वटवाघूळ उडालं आणि फोन माझ्या हातून पडला. दहा सेकंदांची ती रील शेवटी पुरी झाली तेव्हा मी वळून हात पुढे केला. हातात काहीच आलं नाही.

"बाबा?"

बाबा नव्हते. कबरीमागे नव्हते, कोनाड्यात नव्हते, दारात नव्हते.

"बाबाले कोणी पाह्यलं?" मी कुजबुजलो.

"तुमच्याजवळ होते ना!" वनिता कुजबुजली.

"होते."

"मंग आता कुठी आहे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असतं, तर मी तो आधी विचारलाच नसता!

आम्ही चौघं बाहेर पळालो. पळालो म्हणजे चवड्यांवर. आणि हाका मारायला लागलो. आता विचार करा, अर्धबहिऱ्या म्हाताऱ्याला रानात शोधायचं आणि तेही मधमाशांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं!

"बाबा... ओ बाबा..." मी ओठांतल्या ओठांत म्हणालो.

"असं बोलावता का? शेजारी उभी राहून मलेच आयकू नाई येऊन राह्यलं, त्यांले काय येईन!" वनिता म्हणाली.

"मंग वरडू काय?"

"नको! माशा!"

भाऊजी मशिदीकडे गेले, वनिता आणि सलोनी सराईकडे. माझ्या वाट्याला बावडी आली. सीताफळीच्या काट्याकुट्यांतून मी तिच्या तोंडाशी पोचलो. शेवाळलेल्या पायऱ्या खाली खाली जात होत्या आणि तळाला काळं पाणी होतं. त्या पाण्यावर काहीतरी पांढरं तरंगत होतं. फुगलेलं.

बाबा पांढरा सदरा घालून आले होते.

 ताईचं वाक्य आठवलं. बाजारातली चक्कर आठवली. मी पायऱ्या उतरलो की घसरलो ते माहीत नाही, पण पाण्याशी पोचलो आणि त्या पांढऱ्याला हात घातला. ते युरियाचं रिकामं पोतं होतं. मी ते पोतं छातीशी धरून तिथेच ओल्या पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. (आवाज न करता. माशा!)

डोळे पुसून वर आलो तर तिघंही रिकाम्या हातानं परतलेले. भाऊजी म्हणाले, "आतच असतीन. एखाद्या कोपऱ्यात टेकले असतीन. चाल, पुन्हा पाहू." म्हणून आम्ही पुन्हा आत गेलो. कबरीभोवती उभे राहून अंधारात डोळे फाडून बघत होतो. आणि तेव्हा तो आवाज आला.

ठक. ठक. ठक.

 वनिता हळूच म्हणाली, "कोण वाजवून राह्यलं?"

"मी नाई," भाऊजी म्हणाले.

"मैं भी नहीं," सलोनी म्हणाली.

ठक. ठक. ठक. ठक.

आवाज पायांखालून येत होता. नेमका कबरीखालून. माझ्या तळपायाला तो जाणवत होता!  मी कसंबसं म्हणालो, "भाऊजी, तुम्ही म्हणलं होतं ना, असली माणूस खाली आहे?"

"म्या नाई म्हणलं! मोबाईलनं म्हणलं!"

आणि मग खालून असा काही ठोका बसला की कबरीवरची धूळ उडाली. आमच्या डोळ्यांदेखत उडाली! यापुढचं मला नीट आठवत नाही. पाय माझेच होते, पण त्यांनी मला काही विचारलं नाही. एवढंच आठवतं की मी उन्हात उभा होतो, जाळीचं लोखंडी फाटक बंद होतं आणि त्याची कडी मी दोन्ही हातांनी दाबून बसवली होती. माझा विचार अगदी साधा होता. खालून जे काही येईल ते बाहेर पडू नये. कडी बसल्यावर मग मी माणसं मोजली. बाहेर मी एकटाच होतो.

जाळीपलीकडे वनिताचा चेहरा आला.

"अहो."

"काय?"

"कडी."

"हौ."

"कडी लावली तुम्ही."

"चुकून लागली."

"आमी आत आहो."

"दिसून राह्यलं मले."

"मंग उघडा ना!" हे ती कुजबुजत म्हणाली. पण बाईमाणूस कुजबुजत किती रागावू शकतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मी कडी ओढली. कडी हलेना! गंजलेली कडी भीतीच्या जोरात खाली गेली होती, आता वर यायला तेवढीच भीती हवी होती. मी ओढत होतो, आतून सलोनी "पापा, जल्दी!" म्हणत होती, आणि भाऊजींनी कबरीभोवती पळायला सुरुवात केली. एका जागी उभं राहिलं की खालचा आपल्याला हेरतो, असं त्यांना वाटलं म्हणे. भाऊजींचं वजन भरपूर. ते धपधप पळाले की खालून ठोके यायचे, आणि ठोके आले की भाऊजी जास्त जोरात पळायचे.

शेवटी माझा धीर सुटला. मी माशा विसरलो, मोहोळ विसरलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "वाचवाऽऽ!"

घुमटानं ते सात-आठ वेळा परत म्हटलं. दुसऱ्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं की आपण काय केलं, आणि मी डोकं शर्टात घालून खाली बसलो. आतले तिघंही बसले. आम्ही वाट बघितली. काहीच झालं नाही.

चौकीदार तोंड पुसत आला. "क्या हल्ला मचा रखा है?"

"मधुमक्खी!" मी शर्टातून म्हणालो.

"कहाँ? शहद तो दिवाली में ही उतार लिया. छत्ता खाली है."

"तो आवाज़ नहीं करना काहून बोला?"

"साहब, ऐसा नहीं बोलें तो लोग यहाँ आकर नाचते हैं."

त्यानं कडीला खालून एक लाथ घातली. फाटक उघडलं. वनिता बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "भैया, नीचे कोई है."

"हाँ, आपके बुजुर्ग हैं ना. पीछे की सीढ़ी से उतरे थे. मैं समझा आप लोगों को मालूम है." मग त्याचा चेहरा बदलला. "अभी तक नीचे हैं? वहाँ की तो छत खराब है."

खालचे ठोके थांबले होते. भुताची भीती एका क्षणात गेली आणि तिच्या जागी जी आली, ती त्याहून वाईट होती.

"भाऊजी..." मी सुरुवात केली.

"भाऊजी नाई," वनिता म्हणाली. "तुम्ही जा. हात तुम्ही सोडला."

मकबऱ्याच्या मागे झुडपात एक भोक होतं आणि त्यातून अरुंद पायऱ्या खाली जात होत्या. अकरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मी एकेक नवस बोललो. (आम्ही बुद्धाची माणसं, नवस करत नाही. पण त्या दिवशी अकरा केले आणि कोणाच्या नावानं केले, ते मलाही माहीत नाही. त्यामुळे फेडताही येत नाहीत.) शेवटच्या पायरीवर मोबाईलचा उजेड समोर टाकला.

पलीकडच्या भिंतीशी एक आकृती उभी होती. केस पांढरे, तोंड पांढरं, कपडे पांढरे, पापण्यासुद्धा पांढऱ्या! तिनं सावकाश हात वर केला.

मला ओरडायचं होतं. आवाज वरच संपवून आलो होतो. पळायचं होतं, पण मागे अकरा पायऱ्या होत्या. मी मटकन खाली बसलो.

"शाब्बास," आकृती म्हणाली. "तसाच बसून ये. भिंतीच्या कडेनं."

"बा... बाबा?"

"बोलू नको. मधातलं छत भद्द बोलून राह्यलं."

बाबाच होते! अंगावर छताचा चुना पडला होता. खाणीत कुठेही जाण्याआधी छताला लोखंडानं ठोकून पाहतात. दगड पक्का असला तर ठण्ण वाजतो, सुटलेला असला तर भद्द. रील चालू असताना बाबा बाहेर पडून घुमटाला वळसा घालत होते, तेव्हा त्यांना मागची पायरी दिसली, आणि तळघराचं छत पाहिल्याशिवाय त्यांना राहवेना. काठीनं ठोकत ठोकत ते पलीकडे पोचले आणि तिथून कळलं की मधला भाग सुटलाय. तेवढ्यात वर आमची पावलं वाजली, पाठोपाठ धपधप सुरू झाली, चुना पडायला लागला आणि त्यांना परत येता येईना.

मी भिंत धरून, बुडावर सरकत त्यांच्यापर्यंत गेलो. त्यांनी माझा हात पकडला. मी त्यांना वाचवायला गेलो होतो खरा, पण येताना पुढे बाबा होते आणि मागे मी.

वर उन्हात आल्यावर वनिता पदरानं त्यांचं तोंड पुसत होती आणि रडत होती. भाऊजी पाणी घेऊन धावले. "बाबा, ठोके कायले देत होते? आमचा जीव गेलता ना!"

"मंग काय करू?" बाबा म्हणाले. "वर तुमी सारे उभे, खाली छत कच्चं. माहा आवाज तुमाले आयकू नाई येत. मंग खाणीतला इशारा देला. असे ठोके आले म्हणजे समजाचं, धोका आहे, जागा सोडा, बाहेर व्हा." आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अन् एक जण बराबर निघाला! मले पायाचा आवाज आला ना. सुसाट बाहेर! मी मनात म्हणलं, हा पकाशच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पळसाकडे बघायला लागलो.

"त्यानं तं फाटक लावून घेतलं," भाऊजी थंडपणे म्हणाले.

"लावाच लागते, जवाईबापू! धोक्याच्या जागी दुसरं कोणी घुसू नाई म्हणून."

"पण आमी आतच होतो!"

"तुमी इशारा आयकाले पाह्यजे होता," बाबा म्हणाले. "तुमी तं वरतून नाचून राह्यले होते."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी वीस वर्षांचा असताना बाबा मला खाणीत लावून द्यायला घेऊन गेले होते. मी माणसांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा पाहिला, त्याखालचा अंधार पाहिला आणि माझ्या पोटात एकदम दुखायला लागलं. ते आम्ही घरी पोचल्यावरच थांबलं. पुढे मी कचेरीत बाबू झालो. बाबा त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, पण चारचौघांत त्यांनी माझं नावही कधी कौतुकानं घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी तीच गोष्ट चार वेळा सांगितली, आणि घरी पोचल्यावर ताईला पाचव्यांदा. ताईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वनिता स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटत होती.

मला ते सहन होईना. जेवण झाल्यावर बाबांजवळ बसलो आणि त्यांच्या चांगल्या कानात मोठ्यानं म्हणालो, "बाबा, मले इशारा-बिशारा कायी समजला नोता. मी भेलो होतो."

बाबांना स्पष्ट ऐकू गेलं. ते हसले. "भेलाच पाह्यजे. जो भेत नाई, त्याले आमी कधी संग नेतच नोतो." आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

पुढच्या रविवारी बाबांनी भरवेलीच्या कॉलनीतून आपले चार जुने सोबती चहाला बोलावले. मला मधोमध खुर्ची दिली. गोष्ट सांगून झाली. एक आजोबा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "कचेरीतल्या बाबूले इशारा काय समजते! कायी पण सांगतं!"

"नाई समजत? आता पाह्य," बाबा म्हणाले.

माझ्या हातात भरलेला कप होता. मी तोंड उघडलं, म्हटलं आता तरी खरं सांगून टाकावं. तेवढ्यात बाबांनी कुणाला काही न सांगता काठी उचलली आणि फरशीवर हाणली.

ठक!

कप कुठे पडला ते मला माहीत नाही. भानावर आलो तेव्हा मी ओसरी ओलांडून गल्लीत, शेजाऱ्याच्या स्कूटरमागे उभा होतो. घरात टाळ्या वाजत होत्या. बाबांचा आवाज भरून आला होता. "पाह्यलं? माहा पोरगा आहे!"

मग आतून पुन्हा ठोके आले, या वेळी सावकाश आणि मायेनं. वनिता दारात येऊन ओरडली, "अहो! बाबा म्हणतात, हा 'परत या'चा इशारा आहे!"

तोवर मी चौकात पोचलो होतो.